कनेक्टरमधला गुलाबी डाग

१

गुरुवारी दुपारी होंग जिनथूची पिवळी टॅक्सी तैवानमधल्या च्याई शहरात रेल्वेच्या पुलावर चढता चढता बंद पडली. आचके नाहीत, धूर नाही, काही नाही. इंजिन चालू होतं आणि मग नव्हतं. मागून कोबीने भरलेला टेंपो येत होता. त्याने ब्रेक मारला, पण उशिरा. टॅक्सी कठड्यात घुसली आणि होंगचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

शुक्रवारी सकाळी टॅक्सी माझ्याकडे आली. मी फान. विमा कंपनीसाठी बिघडलेल्या गाड्या उघडून बघते. चूक कोणाची, एवढं एकच कंपनीला माझ्याकडून हवं असतं. बावीस वर्षं हेच करते आहे. तोंडावर लोक मला फान बाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे आणि त्यात फारसं खोटं नाही.

गाडीचा पुढचा कोपरा चेपला होता, पण इंजिनाचा भाग धड होता. मी सरळ इंजिनाच्या मेंदूकडे गेले. मेंदू म्हणजे एक चपटी धातूची पेटी. सगळ्या वायरी एका प्लास्टिकच्या कनेक्टरमधून तिच्यात जातात. प्रत्येक वायरीच्या टोकाला एक टर्मिनल असतं, तांदळाच्या दाण्याहून बारीक. त्याच्या तोंडात एक पातळ पाती असते आणि पेटीतली सुई आत शिरली की ती पाती सुईला घट्ट धरते. ती पकड सुटली की मेंदूला इंजिन फिरतंय की नाही तेच कळत नाही, आणि तो सगळं बंद करून मोकळा होतो.

माझ्याकडे मापाची सुई आहे. टर्मिनलात ती घालायची आणि कनेक्टर उलटा धरायचा. पकड चांगली असेल तर सुई पडत नाही. अठ्ठेचाळीस टर्मिनलं होती. चव्वेचाळीस जणांनी सुई धरली. चार जणांनी ती माझ्या मांडीवर टाकली.

त्या चारही वायरींवर पिवळ्या रंगाचा ठिपका होता. नवीन काम केलं की मिस्त्री असा ठिपका लावतात. आणि त्या चारही भोकांच्या तोंडाशी फिकट गुलाबी डाग होता. बाकीची भोकं स्वच्छ होती.

गाडीत गॅरेजचं कार्ड सापडलं. मी फोन केला. एका बाईने उचलला. मी नाव सांगितलं.

"होंगच्या टॅक्सीच्या कनेक्टरचं काम कोणी केलं?"

"मी, पेइयुन. चूक माझीच आहे, फान बाई. लिहून टाका आणि मिटवा."

मी काय सापडलं ते अजून सांगितलंच नव्हतं.

२

न विचारता गुन्हा कबूल करणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांच्यामुळे काम दुप्पट होतं. दुपारी मी गॅरेजवर गेले.

गॅरेज ज्वांग सायफूंचं. सायफू म्हणजे उस्ताद. बहात्तर वर्षांचे, काटक, केस पांढरेशुभ्र. त्यांनी मला स्टूल दिलं, चहा दिला आणि जेवलात का विचारलं. मी जेवले नव्हते, पण हो म्हटलं, नाहीतर तासभर त्यात गेला असता.

पेइयुन चौतिसाची. अठराव्या वर्षी इथे कामाला लागली ती सोळा वर्षं इथेच आहे. सायफूंना मूलबाळ नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या वाढदिवशी गॅरेज पेइयुनच्या नावावर व्हायचं होतं, पाटीसुद्धा रंगवून तयार होती. आणि आज सकाळी टॅक्सीसंघाचं पत्र आलं होतं. चूक पेइयुनची ठरली, तर ती जिथे काम करते त्या गॅरेजात संघाची एकही टॅक्सी येणार नाही. या गॅरेजची निम्मी गिऱ्हाइकं टॅक्सीवाले. म्हणजे माझ्या एका वाक्याने हिचं दुकान जाणार होतं आणि नावही.

"मग दुकान कोणाला?" मी विचारलं.

"मला, आणखी कोणाला," टायरवर बसलेला एक जण म्हणाला. हा बोयेन, सायफूंचा पुतण्या, पंचविशीचा, केसांना भरपूर तेल. "पण मला नको आहे हो. म्हणजे, दिलं तर नाही म्हणणार नाही."

"फार मोठं मन आहे तुझं," मी म्हटलं.

पेइयुनने काम कसं झालं ते सांगितलं. उंदरांनी चार वायरी कुरतडल्या होत्या. सोमवारी तिने नवी टर्मिनलं दाबून बसवली, एकेक ओढून पाहिलं, पाणी रोखणारं रबर घातलं, कनेक्टर लावला, टेप गुंडाळली.

"किती वाजता संपलं?"

"तीनला."

"आणि गुलाबी डाग कसला?"

ती फडक्याला हात पुसू लागली. बोयेन मात्र उठून उभा राहिला. "गुलाबी? मग कूलंट! त्या गाडीत इंजिन थंड ठेवायला गुलाबीच कूलंट असतं. हिने रबर नीट बसवलं नसेल, कूलंट आत झिरपलं. सरळ आहे."

"हो," पेइयुन पटकन म्हणाली. "तसंच झालं असणार. रबर राहिलं असेल."

मी खिशातून त्या कनेक्टरचं रबर काढून टेबलावर ठेवलं. ते मीच सकाळी बाहेर काढलं होतं. जागच्या जागी होतं, ग्रीस लावून बसवलेलं होतं, कुठे चीर नव्हती.

पेइयुनचा चेहरा उतरला. सायफू चहाचे कप विसळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

३

होंग इस्पितळात टर्कीभात खात होता. पाय वर टांगलेला, पण भूक जागेवर होती.

"इंजिन धुतोस का रे?" मी विचारलं. टॅक्सीवाले प्रेशरने पाणी मारतात आणि मग वायरींच्या नावाने बोंबलतात.

"देवाशप्पथ नाही. मागे एकदा धुतलं तर पेइयुनने इतकं झापलं की सुपारी गिळली मी. पुन्हा ती सांगते त्याच्याबाहेर नाही जात." त्याने चमचा खाली ठेवला. "गेलो एकदाच. मंगळवारी."

"म्हणजे?"

"ती नेहमी म्हणते, गाडी सकाळी आठनंतर ने. माझी नाही फक्त, सगळ्यांचीच. काम आदल्या दिवशी झालेलं असलं तरी आठनंतरच. साडेसातला येते, बॉनेट उघडते, काहीतरी बघते आणि मग किल्ली देते. मला मंगळवारी सहा वाजता एका म्हातारीला डायलिसिसला न्यायचं होतं. सायफूंच्या घरच्या, मालकीणबाई, अंगण झाडत होत्या, त्यांच्याकडून किल्ली घेतली नि गेलो. तेव्हा काही बिघाड नव्हता, फान बाई. दोन दिवस गाडी लोण्यासारखी चालली."

"सैल पकड धक्क्याधक्क्याने सुटते. दोन दिवस लागतात."

त्याने भात बाजूला सारला. "पेइयुनचं काही होणार नाही ना? तिच्या हातून असं होणं शक्य नाही. मी साक्ष देईन."

"तुझा पाय मोडलाय आणि तू साक्ष तिच्या बाजूने देणार?"

"पाय जुळेल," होंग म्हणाला.

मला त्याचं कौतुक वाटलं, पण कौतुक रिपोर्टात लिहिता येत नाही. जिन्यावरून उतरताना एकच गोष्ट डोक्यात होती. सोळा वर्षं काम शिकलेल्या बाईला स्वतःचं काम दुसऱ्या सकाळी पुन्हा कशाला बघावं लागतं?

४

शनिवारी मी ती चार टर्मिनलं भोकांतून सोडवली आणि भिंगाखाली ठेवली.

वायरीकडची बाजू आधी पाहिली. नाव ठेवायला जागा नव्हती. तांब्याचे केस सगळे आत, दाब सारखा, कुठे एकही तार तुटलेली नाही. इतकं चांगलं काम मी वर्षातून दोन-तीनदा बघते. खराबी सगळी तोंडाकडच्या बाजूला होती. आतली पाती मागे रेटली गेली होती, चारही ठिकाणी सारखीच. कोणीतरी बाहेरून काहीतरी खुपसलं होतं.

मीटरची लोखंडी सुई म्हणावी, तर ती ओरखडा सोडते. इथे ओरखडा नव्हता. म्हणजे जे खुपसलं ते टर्मिनलच्या पितळापेक्षा मऊ होतं.

आता डाग. कूलंट वाळलं की चिकट होतं, कडेला पापुद्रा धरतो. हा डाग कोरडा होता, कपड्याला रंग लागावा तसा. शिवाय कूलंट झिरपलं तर सगळीकडे झिरपेल, नेमकी चार भोकं शोधत बसणार नाही.

तिसऱ्या टर्मिनलात, पातीच्या मागे, एक तंतू अडकला होता. चिमट्याने काढला. बांबूचा, आणि गुलाबी.

मी हात धुतले, चहा केला आणि स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. सोमवारी माझी बोटंसुद्धा अशीच गुलाबी झाली होती. शहरातल्या अर्ध्या लोकांची झाली असतील. सोमवार म्हणजे चांद्र महिन्याचा सोळावा दिवस. ज्याचं दुकान आहे तो त्या दिवशी दारासमोर भूमिदेवाला नैवेद्य मांडतो. माझ्या नवऱ्याचं छत्र्यांचं दुकान आहे, आम्हीही मांडला. हाताला घाम असला की उदबत्तीच्या काडीचा लाल रंग बोटांना लागतो आणि दिवसभर जात नाही.

उदबत्तीची काडी. कोणीतरी तिला टोक काढलं, त्या चार भोकांत घातली, मग कनेक्टर साफ करायचा क्लीनर फवारला. क्लीनरने काडीचा रंग विरघळला आणि तिथे वाळला.

पेइयुनचं काम तीन वाजता संपलं होतं. मी गॅरेजला फोन लावला आणि पूजा किती वाजता होती एवढंच विचारलं.

"चारला," मालकीणबाई म्हणाल्या. "का हो?"

म्हणजे ते काम पेइयुनने कनेक्टर बंद केल्यानंतर, त्या अंगणातल्या कोणीतरी केलं होतं.

५

मी लगेच गॅरेजवर गेले. मालकीणबाई गोलमटोल आणि बोलक्या. अशी साक्षीदार मिळाली की मी वही बंद करते, कारण लिहिण्याच्या वेगापेक्षा त्यांचं बोलणं जास्त असतं.

"चारला मांडलं सगळं. डुकराचं मांस उकडून, तळलेली अंडी, संत्री, बिस्किटं. सगळ्यांनी तीन-तीन काड्या घेतल्या, नमस्कार केला, पात्रात खोचल्या. मग देवाला जेवायला वेळ द्यायला नको? काड्या खालपर्यंत जळेस्तोवर आम्ही बाहेरच बसलो, चहा घेत. मग देवाला पैसे म्हणून सोनेरी कागद जाळले."

"बोयेनसुद्धा बाहेरच?"

"तो? पलीकडच्या केशकर्तनालयवाल्याचं कुत्रं आहे ना, मागच्या वेळी त्याने देवासमोरचं मांस पळवलं. तेव्हापासून बोयेनला काठी घेऊन टेबलाशी उभं करते मी. अर्धा तास हलला नाही. अख्खी गल्ली हसत होती त्याला. बिचारा."

"पेइयुन?"

"माझ्या शेजारी. कागदांच्या घड्या घालत होती. तिला माझ्यापेक्षा छान जमतात."

"आणि सायफू?"

"आमचं म्हातारं माकड होय? ते कधी शेवटपर्यंत बसतंय? नमस्कार झाला की आत, हात धुवायला म्हणे. येताना हात तसेच लाल. मी म्हटलं, साबण संपलाय का?" त्या हसल्या, आणि मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. "तुम्ही हे का विचारताय?"

मी उठून गॅरेजात गेले. आत सायफूंचं कामाचं जुनं लाकडी बाक होतं. पेइयुनची हत्यारं स्टीलच्या पेटीत ठेवलेली. बाकावरची हत्यारं त्याहून जुनी, झिजून गुळगुळीत झालेली. त्यांच्या मागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. मी झाकण उघडलं.

डबा उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्यांनी भरला होता. सगळ्यांना चाकूने बारीक टोक काढलेलं.

"तो डबा ठेवा," मागून पेइयुनचा आवाज आला. ती दारात उभी होती, हातात पाना. "फान बाई, तो मीच भरलाय. त्या दिवशी पूजेनंतर मी कनेक्टर पुन्हा उघडला. बोटं लाल होती माझी. डाग माझ्या बोटांचा आहे."

६

मी सगळ्यांना बसायला सांगितलं. सायफू स्टुलावर, मालकीणबाई दाराशी, बोयेन टायरवर. पेइयुन बसली नाही.

"डाग भोकाच्या आत आहे," मी तिला म्हटलं. "तुझं बोट तर जाऊ देच, तान्ह्या पोराचं बोटही तिथे शिरत नाही. दोनदा खोटं बोललीस, दोन्ही वेळा वाईट बोललीस. तुला सवय नाही."

ती खाली बघू लागली.

"आता मला काय दिसतं ते सांगते. चूक असेल तर थांबवा. हे काम होंगने केलं नाही. सोमवारी तो इथे नव्हता, आणि पाण्याने बांबूचा तंतू आत जात नाही. बोयेनला दुकान हवं आहे..."

"मी तसं म्हणालो नव्हतो!"

"गप्प बस. त्याला दुकान हवं आहे, पण तो कुत्र्यावर पहारा देत होता, गल्ली साक्षीला आहे. मालकीणबाईंनी बॉनेट कधी उघडलं नसेल. राहिले दोघं. पण आधी मी वेगळा प्रश्न विचारला. हे कोणी वैराने केलं का? गाडी बंदच पाडायची तर एक टर्मिनल बिघडवलं की पुरे. इथे चारही, अगदी एकसारखी. आणि नंतर क्लीनर मारला, रबर ग्रीस लावून बसवलं, लॉक दाबलं, टेप पुन्हा गुंडाळली. शत्रू इतकी निगा राखत नाही. हे करणाऱ्याला काहीच बिघडवायचं नव्हतं. त्याला फक्त पाहायचं होतं, की पेइयुनने बसवलेली चार टर्मिनलं नीट पकडतात की नाही. म्हणून बाकी चव्वेचाळिसांना त्याने हात लावला नाही."

बाहेर एक स्कूटर गेली.

"बांबूची काडी," सायफू अखेर म्हणाले. आवाज शांत होता. "लोखंडाने ओरखडा येतो. धातूचं काही आत घातलं तर शॉर्ट होतं. माझ्या सायफूंनी मला उदबत्तीची काडी वापरायला शिकवलं, देवासमोर जळलेली. ती आत घालायची आणि बोटाला पकड जाणवते का बघायची. पन्नास वर्षं मी तसंच बघतोय. एक गाडी बिघडली नाही."

"जुन्या गाड्यांची टर्मिनलं याच्या चौपट जाड होती, सायफू. त्यांना काडीने काही होत नव्हतं. ही काडीने फाकतात."

"मी हलक्या हाताने घालतो."

मला पुढचं करायचं नव्हतं. पण त्यावाचून रिपोर्ट पुरा होत नव्हता. मी त्यांच्यासमोर दोन टर्मिनलं ठेवली, एक कोरं आणि एक होंगच्या गाडीतलं, आणि त्यांच्या हातात माझी सुई दिली. "डोळे मिटा. दोन्हींत घालून बघा आणि सांगा, सैल कोणतं?"

"फान बाई, नको," पेइयुन म्हणाली.

सायफूंनी डोळे मिटले. पहिल्यात सुई घातली, काढली. दुसऱ्यात घातली, काढली. पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं. त्यांच्या बोटांची टोकं मी आता जवळून पाहिली. पन्नास वर्षांच्या तेलाने आणि तापलेल्या लोखंडाने कातडी टाचेसारखी जाड झाली होती.

"दोन्ही सारखीच घट्ट आहेत," ते म्हणाले आणि डोळे उघडले.

त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. मग हातातल्या होंगच्या टर्मिनलात सुई तशीच ठेवून त्यांनी ते खाली वळवलं. सुई घरंगळून फरशीवर पडली.

मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला. सायफूंनी टर्मिनल खाली ठेवलं. मग त्यांनी पेइयुनकडे पाहिलं, आणि मला वाटलं होतं तसं ते खचले नाहीत. ते चिडले.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"गाड्या आठनंतर न्यायला सांगतेस, ते ह्याच्यासाठी?"

"हो, सायफू. तुम्ही संध्याकाळी तपासता. मी सकाळी येऊन तुम्ही तपासलेलं तपासते. फाकलेलं असेल तर नवं घालते."

"किती वर्षं?"

"चार."

"चार वर्षं! चार वर्षं माझ्यामागून माझ्या कामावर..." त्यांचा आवाज चढला. "मला मूर्ख बनवलंस तू!"

"मग काय करू?" पेइयुनही ओरडली. तिचा हा आवाज त्या गॅरेजात कोणी ऐकला नसावा, बोयेन टायरवरून उठलाच. "तुमची बोटं गेली असं तोंडावर सांगू? सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दुकानात पाऊल टाकलं नसतं. घरी बसून वाळून गेला असता. मला नको होतं ते. आणि तुम्ही तरी चोरून का तपासत होता? सोळा वर्षांनी तरी माझ्यावर भरवसा नाही?"

"भरवसा आहे! म्हणून तर चोरून. समोर तपासलं तर तुला वाईट वाटेल." ते थांबले. पुढचं बोलताना आवाज खाली आला. "न तपासता घरी गेलो की झोप येत नाही मला. एवढंच आहे ते."

ती रडायला लागली, उभ्या उभ्या, हातातला पाना तसाच धरून. "त्या दिवशी मी लवकर आले असते तर होंग वाचला असता. म्हणून म्हटलं, चूक माझी."

मी बावीस वर्षांत पुष्कळ रडारड पाहिली आहे आणि माझ्यावर तिचा परिणाम होत नाही. त्या दिवशी मी फरशीवरची सुई शोधत बसले, जरा जास्तच वेळ.

मग मी फॉर्म काढला आणि मोठ्याने वाचत लिहिलं. "दुरुस्ती निर्दोष. दुरुस्तीनंतर दुसऱ्या व्यक्तीने तपासणी करताना अयोग्य साधन वापरल्यामुळे..."

"दुसऱ्या व्यक्तीने नको," सायफू म्हणाले. "नाव घाला. ज्वांग श्वेइजुन. संघाला आणखी कोणी सापडायला नको. तिचं नाव फक्त पहिल्या वाक्यात, निर्दोष म्हणून येऊ दे."

"तुमचा परवाना जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे."

बोयेन घसा खाकरून म्हणाला, "मोठे काका, लेखी कशाला देता? फान बाई समजून घेतील."

"फान बाई काही समजून घेणार नाहीत," मी म्हटलं. आणि नाव लिहिलं.

सायफू उठले आणि भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेल्या कामाच्या कागदांतून सोमवारचा कागद काढून आणला. प्रत्येक कामाचा एक कागद, त्यावर दोन रकाने: काम कोणी केलं, तपासलं कोणी. पहिल्यात पेइयुनची सही. दुसरा कोरा. मी खिळ्यावरचे बाकीचे कागद चाळले. तिच्या प्रत्येक कामावर दुसरा रकाना कोराच होता. सायफूंनी पेन घेतलं, सोमवारच्या कागदावर दुसऱ्या रकान्यात सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि कागद माझ्या फॉर्मला टाचून दिला.

"संध्याकाळी होंगकडे जातो. मीच सांगतो त्याला," ते मालकीणबाईंना म्हणाले. "काही खायला बांधून दे."

"तो टर्कीभात खातोय, त्याला काही कमी नाही," मी म्हटलं. "पण जा."

तेवढ्यात दाराशी एक गाडी येऊन थांबली. बॉनेटखालून विचित्र आवाज येत होता, आणि चालवणाऱ्या बाईने काच खाली करून हाक मारली, "सायफू! आहात का?"

पेइयुनने बाहीने तोंड पुसलं, पण जागची हलली नाही. सोळा वर्षांची सवय होती, तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यांनी उठायला गुडघ्यांवर हात टेकवले, अर्धे उठलेही. मग पुन्हा बसले आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"बघतेस काय?" ते म्हणाले. "तुला हाक मारतायत."